स्लॅबला पाजलेलं पाणी

"काका, इथं वरून पानी कोन टाकत होतं?"

पिंटू वेल्डरनं हे इतक्या सहज विचारलं, की जणू चहात साखर कोण टाकतं हेच विचारतोय. तो शिडीवर उभा होता, डोकं छताला टेकेल इतका वर, आणि हातातल्या छिन्नीनं गिलाव्याचे पोपडे खाली पाडत होता. महादेवराव खाली शिडी धरून उभे. शिडी धरायची तशी काही गरज नव्हती, पिंटूची माणसं हाताशी होती. पण रिटायर माणसाच्या घरी काम निघालं, की त्याला काहीतरी धरून उभं राहावंसं वाटतंच. प्रश्न ऐकला आणि शिडीवरचा त्यांचा हात आपोआप सुटला. "कोनी नाई," ते म्हणाले, "टाकी गळत होती." आता घ्या! टाकी कुठं, ही खोली कुठं! टाकी संडासावर, घराच्या पार दुसऱ्या टोकाला; तिथलं पाणी इथवर यायचं तर त्याला दोन खोल्या ओलांडून, वाटेत कुठंही न मुरता यावं लागलं असतं. एकतीस वर्षं कृषी विद्यापीठाच्या माती प्रयोगशाळेत काढलेल्या माणसानं अशी थाप मारावी! काचेच्या नळीत काळी माती ठासायची, वरून पाणी सोडायचं आणि ते तळाला यायला किती तास लागतात ते वहीत लिहायचं, हेच तर काम केलं जन्मभर. पिंटूनं वरून एकवार खाली पाहिलं, "बरं," म्हणाला, आणि पुन्हा छिन्नी चालवायला लागला.

मे महिना, सकाळचे साडेआठ, आणि अकोल्याचं ऊन आत्ताच अंगणात पाय पसरून बसलेलं. फाटकापाशी दोन लोखंडी गर्डर आडवे पडले होते, बारा-बारा फुटांचे. काल संध्याकाळी टेम्पोतून उतरले तेव्हा जमुनाबाईंनी, म्हणजे महादेवरावांच्या बायकोनं, त्यांना हळदकुंकू लावलं होतं. ते ठिपके आता उन्हानं वाळून पिवळे-काळे झाले होते. ही मागची खोली अकरा वर्षं बंद होती. छताचं पोट सुटलेलं, मधोमध गंजलेल्या सळ्या उघड्या. आत मोडक्या खुर्च्या, जुना कूलर, फेकवत नाही आणि वापरवत नाही असलं सगळं. पण रागिणीचं, त्यांच्या एकुलत्या लेकीचं, पहिलं बाळंतपण आलं, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. जमुनाबाईंनी बजावलं, खोली उघडा, नाहीतर पोट्टी काय बाळाले घेऊन सैपाकघरात निजन? मग पिंटू आला. पाडायची गरज नाही म्हणाला. खालून दोन गर्डर देऊ, भिंतीत खाचा पाडून त्यांची टोकं बसवू, छताचा भार गर्डरवर आला की झालं. महादेवराव लगेच हो म्हणून मोकळे झाले होते. त्यांना वाटलं, गर्डर बसतील, खाली पांढरं छत लागेल, आणि विषय एकदाचा झाकला जाईल. गर्डर लावायच्या आधी कुणी छत सोलून पाहतं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

जमुनाबाई चहा घेऊन आल्या. वर उघड्या पडलेल्या सळ्यांकडे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "पाहा रे बापू, पाहा. माह्या सख्ख्या भावानं टाकलेला स्लॅब हाय हा. कोनाले तोंड दाखवू मी?" हे वाक्य त्या अकरा वर्षं म्हणत आल्या होत्या. रंगारी येवो, नळवाला येवो, हळदीकुंकवाला शेजारीण येवो. कुणी विचारायच्या आत त्या स्वतःच भावाला उभं करायच्या आणि स्वतःच त्याला फटकावायच्या. महादेवरावांना त्या वाक्याची सवय झाली होती, कूलरच्या घरघरीची होते तशी. पण पिंटू खाली उतरला, भुवयांवरचा सिमेंटचा भुगा पुसला, आणि सरळ म्हणाला, "नाई काकू. ज्यानं हे काम केलं त्याले नावं नका ठेवू. पाहा, सळी चार-चार बोटांवर बांधली हाय. आजकाल कोनी इतकी जवळ नाई बांधत. अन् हे ऐका." त्यानं छताच्या कडेला छिन्नी ठोकली. ठण्ण वाजलं. "माही छिन्नी बोथट झाली सकाळपासून. बाकीच्या खोल्यांचे स्लॅब बी ठोकून पाह्यले मी, एक नंबर. फक्त हा मधातला चौकोन सडला. वरून सालोसाल पानी मुरलं, सळीले जंग चढला, जंगानं थे फुगली अन् खालचा पोपडा लोटून देल्ला. यात ठेकेदाराचा काय दोष?"

"टाकी गळत होती," महादेवराव पुन्हा म्हणाले, या वेळी जरा मोठ्यानं.

जमुनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "टाकी कधी गळली?" त्या म्हणाल्या. एवढंच. मग कप गोळा न करताच त्या आत गेल्या. आणि महादेवरावांच्या जिवाची जी उलघाल सुरू झाली, ती काही केल्या थांबेना. ते अंगणात गेले, गर्डरला हात लावला, चटका बसला. परत आत आले. पिंटूची माणसं छताखाली लोखंडी टेकू उभे करत होती, एकेका टेकूखाली जॅक, आणि पिंटू सांगत होता, "वर रेटू नका रे. जसा हाय तसा धरा फक्त. जास्त रेटला का तडकते." महादेवराव पुन्हा बाहेर. काय सांगू तुम्हाला, आपल्याच घरात माणसाला बसायला जागा सापडेना.

हे घर बांधलं त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. खुशालराव, जमुनाबाईंचा धाकटा भाऊ, तेव्हा अमरावतीला नवा नवा ठेकेदार होता, अंगात नुसता उत्साह. बहिणीचं घर म्हणजे आपलं घर, असं म्हणून तो दोन महिने इथंच राहिला, शेंदूरजनाघाटची घरची संत्र्याची बाग सोडून. स्लॅब ओतला त्या दिवशी तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत सळ्यांवर उभा होता. दुपारी जमुनाबाईंनी भाकरीचे घास शिडीवरून वर दिले होते. मग एकवीस दिवस स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरून ठेवलं. महादेवराव रोज ऑफिसातून आले की वर जायचे. त्या तुडुंब आळ्यांत संध्याकाळचं आभाळ दिसायचं. खुशालराव म्हणायचा, "भाऊजी, स्लॅब म्हंजे लेकरू हाय. जितकं पानी पाजसान, तितका पक्का होईन." ते वाक्य महादेवरावांच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. पाणी पाजलं की पक्का. किती दिवस पाजायचं, हे त्यांनी विचारलं नाही आणि खुशालरावानंही सांगितलं नाही. लेकराला पाजायचं कधी थांबवावं, हे कुणी पुरुषाला सांगत नसतं.

आणि मग माय आली. पार्बताबाई. गावाकडं तिचं अर्धं अंग गेलं, तिला आणून या मागच्या खोलीत निजवली. पाच उन्हाळे ती त्या बाजेवर होती. ते दिवस लोडशेडिंगचे. दुपारी बारा ते चार लाईट गायब. कूलर नुसता डबा होऊन बसायचा. छत असं तापायचं, की खोलीत पाय ठेवला तर डोक्याला झळ लागे. मायचा एक डोळा मिटायचा नाही, आणि त्या उघड्या डोळ्यानं ती छताकडं पाहत राहायची. तिला बोलता येत नव्हतं, पण ओठांवर जीभ फिरायची, कोरडी. महादेवरावांना ते पाहवेना. त्यांनी धान्याच्या दुकानातून सहा बारदानाची पोती आणली, गच्चीवर बरोबर मायच्या बाजेच्या वर अंथरली, आणि ती पोती ओली ठेवायची असं ठरलं. सकाळी एकदा, दुपारी दोनदा, संध्याकाळी एकदा. पहिल्याच दिवशी खोलीत फरक पडला. माय निजली, दोन्ही डोळे मिटून. शेजारच्या बाया येऊन म्हणाल्या, श्रावणबाळ पाहावा तं महादेवभाऊ! आणि त्यांनाही तसं वाटलंच की. का वाटू नये? स्लॅबचं म्हणाल तर पाणी पाजलं की पक्काच होणार होता. पाच उन्हाळे पोती भिजत राहिली. चार महिने ओलं, मग पावसाळा. वरच्या सिमेंटला केसासारख्या भेगा पडल्या, त्या पोत्यांखाली कुणाला दिसणार?

पाचव्या उन्हाळ्यात, एका दुपारी, छताचा एक पोपडा सुटला आणि मायच्या दुखऱ्या पायावर पडला. हाड मोडलं नाही, पण रक्त निघालं, आणि तिला जी भीती बसली ती शेवटपर्यंत गेली नाही. त्या संध्याकाळी महादेवराव एकटे गच्चीवर गेले. पोतं उचललं. खालचं सिमेंट हिरवं-काळं, शेवाळलेलं, अंगठा दाबला तर भुगा होत होता. प्रयोगशाळेतली काचेची नळी त्यांच्या डोळ्यांसमोर आली. पाणी वरून सोडलं की ते खाली जातंच. प्रश्न फक्त किती तासांचा, एवढाच असतो. त्यांना सगळं त्याच क्षणी कळलं. आणि कळलं म्हणून काय केलं? सहाही पोती गुंडाळली, जिन्याखाली सरपणाच्या मागं कोंबली, हात धुतले आणि खाली येऊन म्हणाले, "खुशालरावानं सिमेंटात हात मारलेला दिसते." का म्हणाले? ते स्वतःलाही हे पुष्कळदा विचारून चुकले होते. खोलीत तेव्हा त्यांचे दोन काका बसलेले, मामा बसलेला, सगळे 'काय झालं, कसं झालं' म्हणून त्यांच्या तोंडाकडं पाहत होते. आणि श्रावणबाळाला, मायच्या अंगावर छत मीच पाडलं, असं म्हणता येईना. एक वाक्य सुटलं. नंतर त्या वाक्याला पाय फुटले. मायची बाज पुढच्या खोलीत हलली, आणि पोत्यांचं नावही पुन्हा कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी खुशालराव अमरावतीहून धावत आला. सगळ्यांनी त्याला मध्ये घेतला. तो काहीच बोलला नाही. खाली मान घालून ऐकत राहिला, आणि लोक म्हणाले, पाहा, चोर आहे म्हणून गप्प आहे. शेवटी जमुनाबाई पुढं झाल्या. सासरच्या साऱ्या माणसांदेखत, भावाच्या छातीवर बोट ठेवून म्हणाल्या, "माह्या सासूच्या जिवावर उठला तू. या घराचा उंबरठा पुन्हा चढू नको." खुशालराव चपला घालून गेला. महादेवराव तेव्हा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, आणि त्यांना आठवतं ते एवढंच, की पाठीला चौकट टोचत होती आणि ते हलले नाहीत.

नात्यागोत्यात बोभाटा झाला. ज्यानं बहिणीच्याच घरात हात मारला, त्याला दुसरं कोण काम देणार? दोन वर्षांत खुशालरावाची ठेकेदारी बसली. तो शेंदूरजनाघाटला परत जाऊन बाग पाहायला लागला. पुढं माय वारली, तेव्हाही तो आला तो स्मशानात लांबूनच. आणि दर दिवाळीला भाऊबीज. सख्खा भाऊ जिवंत असताना जमुनाबाई ताट घेऊन गच्चीवर जायच्या आणि चंद्राला ओवाळायच्या. ज्या बाईला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळावं, अशी रीत. म्हणून त्या ओवाळत. महादेवराव निरांजन विझू नये म्हणून बाजूला हात आडवा धरून उभे राहायचे. अकरा वर्षं असा हात धरला त्यांनी. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगू. प्रत्येक वेळी ज्योत नीट जळायची, आणि ते गप्प राहायचे.

"काका, फट भरायले लोखंडी पाचरी लागतीन," पिंटू म्हणाला. "छताचं पोट सुटलं हाय, गर्डर सरळ. मधात जागा राहाते, थे ठोकून भरा लागते. मी मानूस पाठवतो जुन्या शहरात." "मी जातो," महादेवराव म्हणाले. "आवं, उन्हात कायले जाता?" "मी जातो म्हटलं ना!" ते जवळजवळ ओरडलेच. पिंटूची माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. त्यांनी डोक्याला दुपट्टा बांधला आणि ऑटोत बसले.

मोर्णेच्या पुलावर आल्यावर त्यांनी ऑटो थांबवायला लावला. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. खाली नदी म्हणजे जलकुंभीचा हिरवा चिखल, आणि कुजका वास. कठडा तापलेला. मागून गाड्यांचे हॉर्न, आणि ऑटोवाला म्हणतो, "बाबूजी, तब्येत ठीक हाय ना?" ठीक कसली! पिंटूचा तो 'बरं' आणि जमुनाबाईंचं 'टाकी कधी गळली' हे दोन्ही डोक्यात आलटून पालटून वाजत होतं. आज ना उद्या तिला उमगणारच. त्यापेक्षा आपण आधी त्या माणसाचे पाय धरावे. त्यांनी फोन काढला. खुशालरावाचा नंबर फोनमध्ये होता. दर नव्या फोनमध्ये त्यांनी तो आठवणीनं घातला होता आणि एकदाही लावला नव्हता.

"हॅलो, कोन?"

"मी... महादेव बोलतो. अकोल्याहून."

पलीकडं पाण्याच्या मोटरचा आवाज. मग, "बोला भाऊजी. बाई बरी हाय ना?"

बाई म्हणजे जमुनाबाई. बहिणीला तो लहानपणापासून बाईच म्हणायचा. पहिला प्रश्न तिचाच. महादेवरावांनी एका दमात सांगून टाकलं, पुलावर उभ्या उभ्या, हॉर्नच्या आवाजात. की तुमचं काम पक्कं होतं. की पोत्यांनी स्लॅब सडला. की मला त्याच दिवशी माहीत होतं आणि मी तुमचा गळा कापला. खुशालराव ऐकत राहिला. मोटर चालूच होती.

"मले बी माहीत होतं," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"आलो त्या दिवशी घरात यायच्या आंधी मी वरच चढलो होतो, मागच्या जिन्यानं. पोते तुमी काढून टाकले होते. पन चौकोन वला होता भाऊजी, अन् सुतळ्या चिकटून होत्या. ठेकेदाराले समजत नाई का?"

"मंग बोलले काऊन नाई?" महादेवराव ओरडले. "तिथं सारे जन तुमाले चोर म्हनत होते, अन् तुमी..."

"काय बोलू? तुमी हापिसात राहे. दुपारच्या भर उन्हात हौदातून बादल्या भरभरून वर कोन वाहे? बाई वाहे. मी एक डाव असाच आलो होतो, तं तिच्या तळपायाले फोड होते, गच्चीवर चालून. सासूसाठी. मी म्हटलं असतं का पान्यानं सडला, तं तिनं जलमभर सोतालेच खाल्लं असतं, का माह्या हातानं आत्याबाईच्या अंगावर छत पडलं. भावाले शिव्या देऊन मानूस जगते भाऊजी. सोताले देऊन नाई जगत." मग जरा थांबून, "तिले नका सांगू. झालं थे झालं."

फोन ठेवल्यावर महादेवराव पुलाचा कठडा धरून उभे राहिले, हाताला चटके बसत होते तरी. पोती ओली ठेवायची असं ठरलं, पोती भिजत राहिली. इतकी वर्षं ते स्वतःशी असंच म्हणत आले होते, जणू पाणी स्वतःच जिना चढून जायचं. सकाळची एक बादली आणि संध्याकाळची एक, कधीमधी, त्यांची. बाकी सगळं तिचं. आता एकेक दिसायला लागलं. जिन्याच्या पायऱ्यांवर ओल्या पावलांचे ठसे, वर जाईपर्यंत खालचे वाळून गेलेले. लुगड्याचा ओला सोगा. ऑफिसातून आल्यावर ती तळपायांना तूप लावत बसलेली असायची, आणि ते म्हणायचे, "चपला घालत जाय ना," आणि पेपर उघडायचे. अरे देवा! पाप आपलं एकट्याचं, असं मानून ते अकरा वर्षं कुढत बसले होते, आणि त्या कुढण्यातही थोडा मोठेपणा होताच. इथं तर पापाला दोन हात तिचे होते, आणि शिक्षा तिसऱ्यानंच भोगली होती. आता सांगावं तर ती मरते, न सांगावं तर तिचा भाऊ मेलेलाच राहतो. ऑटोवाल्यानं पुन्हा हॉर्न वाजवला. त्यांनी जुन्या शहरात जाऊन भंगारवाल्याकडून लोखंडाच्या पाचरी घेतल्या, पिशवीचे बंद बोटांत रुतेपर्यंत जड, आणि घरी आले.

घरी गर्डर चढत होता. साखळीच्या पुलीनं एक टोक वर, चार माणसं खाली खांदा देऊन, आणि पिंटूचा आवाज, "हळू, हळू, भाऊ, डावीकडं!" पहिला गर्डर भिंतीतल्या खाचेत बसला तेव्हा सगळं घर एकदा घुमलं. महादेवरावांनी पाचरी दिल्या. "तुही काकू कुठं हाय?" त्यांनी विचारलं. पिंटूनं नुसतं वर बोट केलं.

गच्चीवर ऊन असं, की डोळे उघडवत नव्हते. जमुनाबाई अनवाणी उभ्या होत्या. पायाखाली सिमेंटवर सहा काळपट चौकोन अजून दिसत होते. अकरा पावसाळ्यांनीही ते गेले नव्हते. त्या बोट करून एकेक मोजत होत्या, वाटाणे मोजावेत तशा. "अठी पोते राहे ना?" त्या म्हणाल्या. मागं वळून पाहिलंही नाही.

महादेवरावांच्या तोंडात 'नाही' तयार होता. खुशालरावानं विनवलं होतं. एक शब्द टाकला असता तर ती वाचली असती.

"मी वर आली तं आठोलं," जमुनाबाई म्हणाल्या. "पिंटू म्हने सालोसाल पानी मुरलं. मी म्हटलं, सालोसाल अठी पानी कोन टाकलं असन? माह्याशिवाय कोन टाकलं असन? चार चार खेपा मी करो." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "खुशालनं नाई केलं. म्या केलं."

"तू नाई," महादेवराव घाईनं म्हणाले. "पोते मी आनले. टाक म्हनून मी म्हटलं. तुह्या मनात काय, तू तं..."

"थे मले नका समजावू." आता त्या वळल्या. घामानं कुंकू ओघळलं होतं. "पानी म्या टाकलं, माहं मी पाहून घेईन. चांगल्यासाठी टाकलं, आत्याबाई बी वरून पाह्यत असन. तुमी फक्त एवढं सांगा. तुमाले हे केव्हा समजलं? आजच ना? पिंटूनं सांगतलं तवा?"

त्यांना कळलं, ती दार उघडून देतेय. नुसतं हो म्हणायचं होतं. खालून पाचरी ठोकल्याचा आवाज येत होता, आणि घावागणिक तळपायांखाली गच्ची हलकी हादरत होती. चपलांतूनसुद्धा चटके बसत होते. ती अनवाणी उभी होती.

"नाई," ते म्हणाले. "त्याच संध्याकाळी. मी वर येऊन पाह्यलं होतं. पोते म्याच लपवले."

जमुनाबाईंनी हात पुढं केला. "फोन द्या." महादेवरावांनी दिला. सगळ्यात वर खुशालरावाचं नाव होतं, आजची दहा चाळीसची वेळ. जमुनाबाईंनी ते वाचलं, नवऱ्याकडं एकदा पाहिलं, आणि नावावर बोट ठेवलं. कानाला त्या फोन लावत नसत, ऐकू कमी येई म्हणून आवाज बाहेर सोडूनच बोलत. पलीकडून खुशालरावाचा आवाज आला, घाबराघुबरा. "भाऊजी, बाईले सांगतलं नाई ना काही? मी पाया पडतो तुमच्या, तिले नका सांगू!"

जमुनाबाईंनी दोन्ही हातांनी फोन धरला.

"खुशाल," त्या म्हणाल्या.

पलीकडं मोटर बंद झाली होती. "बाई?" मग तो माणूस, साठीला टेकलेला माणूस, लहान लेकरासारखा रडायला लागला, आणि त्या रडण्याच्या मध्ये मध्ये एवढंच, "बरी हाय ना वं तू? बरी हाय ना?"

"तुले माहीत होतं?"

"हो बाई."

"अन् म्या तुले सगळ्यांसमोर..." त्यांनी पदर तोंडात धरला. "मी येऊन राहिली," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "आजच. दीडची अमरावती गाडी भेटते, तठून वरूडची. तू कुठं जाऊ नको घरातून." फोन बंद करून त्यांनी तो महादेवरावांच्या हातात ठेवला. डोळे पुसले, नाक पुसलं. रडून झालेली बाई दिसते तशी त्या दिसत होत्या, जरा तरुण.

"रागिनीच्या आंधी येईन मी," त्या म्हणाल्या, "लेकीसाठी येईन." जिन्याकडं दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. "खुशालनं माह्यासाठी तोंड दाबलं. अकरा वर्सं. सारं गेलं त्याचं. तुमी कोनासाठी दाबलं हो?"

महादेवरावांच्या मनात तयार उत्तरं भराभरा आली. मायसाठी. घराण्याच्या अब्रूसाठी. तुझ्या जिवाला लागू नये म्हणून. हे तर आत्ताच, दीड तासापूर्वी, पुलावर कुणीतरी फुकट देऊन ठेवलेलं होतं, नुसतं उचलायचं होतं.

"माह्यासाठी," ते म्हणाले.

जमुनाबाईंनी मान डोलावली. एखादी गोष्ट ठाऊकच असावी तशी नाही, तर हिशोबात घेतली अशी. मग त्या जिना उतरून गेल्या. खालून पिंटूची हाक आली, "काका, बसले दोनी गर्डर! आता हत्ती बांधा वर!" महादेवराव उन्हात उभेच राहिले. अकरा वर्षांनी माणूस एकदाचा खरं बोलला, आणि ऐकणारी बायको पिशवी भरायला निघून गेली.